एका ब्रासमागे नदीतलं किती पाणी जातं

विदर्भात वाळूला रेती म्हणतात आणि ती ब्रासमध्ये मोजतात. एक ब्रास म्हणजे 100 घनफूट, म्हणजेच 2.83 घनमीटर. ट्रॅक्टरची ट्रॉली काठोकाठ भरली की साधारण एक ब्रास होते. शासनाची रॉयल्टी ब्रासवर, घर बांधणाऱ्याचा हिशेब ब्रासवर आणि चोरी पकडली तर पंचनामाही ब्रासवरच. रेतीत साठलेलं पाणी मात्र या मापात कुठेच येत नाही. गावाचं खरं नुकसान तिथे आहे, म्हणून आधी तोच हिशेब मांडू.

नदीतली जाडसर रेती पाण्याने गच्च भरली की तिच्या आकारमानाचा तिसऱ्या हिश्श्याहून जास्त भाग पाण्याचा असतो. त्यातलं काही पाणी कणांना चिकटून राहतं. निथळून झिऱ्याला (पाण्यासाठी रेतीत उकरलेल्या खड्ड्याला), विहिरीला मिळेल असं पाणी 20 ते 25 टक्के धरता येतं. म्हणजे एका ब्रासमागे साधारण 560 ते 700 लिटर. एक हेक्टर पात्रातून एक मीटर जाडीचा थर काढला तर साडेतीन हजार ब्रास रेती जाते आणि तिच्यासोबत 20 ते 25 लाख लिटर पाणी धरून ठेवणारी जागाही जाते. रेती विकून आलेले पैसे एकदाच मिळतात. ही जागा मात्र नदी वाहती असेपर्यंत दरवर्षी पुन्हा पुन्हा भरते.

रेतीतलं पाणी उन्हाळ्यात टिकतं यामागे साधं कारण आहे. वरची दोन-तीन फूट रेती कोरडी झाली की खालच्या पाण्याचं बाष्पीभवन जवळजवळ थांबतं. म्हणून चैत्र-वैशाखात पात्र पांढरंफटक दिसत असलं तरी टोंगळाभर, म्हणजे गुडघाभर उकरलं की झिरा लागतो. तीच रेती पोकलेनने उपसून उघडा डबरा केला की पाणी उन्हाला उघडं पडतं आणि आपल्याकडच्या एका मे महिन्यात त्यातलं फूटभर तरी आटून जातं. डबऱ्यात पाणी दिसतं म्हणून लोकांना वाटतं, नदीत पाणी वाढलं. वाढलेलं काहीच नसतं. आजूबाजूच्या रेतीतलं पाणी त्या खड्ड्याकडे उतरून येतं आणि उन्हात जातं.

याचा पहिला मार कुणाला बसतो? डांगरवाडीवाल्यांना. वैनगंगा, वर्धा, पैनगंगा, कन्हान या नद्यांच्या पात्रांत ढिवर, कहार, भोई समाजाची कुटुंबं पूर ओसरल्यावर रेतीत खड्डे घेऊन, शेणखत टाकून डांगर (खरबूज), टरबूज, काकडी, भोपळा लावत आली आहेत. वेलाची मुळं रेतीतल्या ओलीपर्यंत पोचतात, म्हणून पाणी कमी लागतं. हे पीक हिवाळ्यात लागतं आणि उन्हाळ्यात निघतं. रेतीचा उपसाही त्याच महिन्यांत चालतो, कारण महाराष्ट्रात 10 जून ते 30 सप्टेंबर उपशाला बंदी असते. एकाच पात्रात, एकाच वेळी, एकीकडे वेल आणि दुसरीकडे टिप्परचा रस्ता. ज्यांच्या नावावर सातबारा नाही त्यांचं पीक नुकसानीच्या पंचनाम्यातही येत नाही. डोहाजवळची रेती गेली की डोहात गढूळपणा राहतो आणि मासळी कमी होते. तोही त्याच घरांचा तोटा.

नंतर पाळी येते विहिरींची. नदीकाठच्या विहिरीतलं पाणी आणि रेतीतलं पाणी आतून जोडलेलं असतं. पात्राची पातळी एक मीटरने खाली गेली की काठालगतच्या विहिरीही उन्हाळ्यात तेवढ्याच बेताने उतरतात. मग कास्तकार विहीर खोल करतो, आडवे बोअर मारतो, तीनच्या जागी पाच अश्वशक्तीची मोटर बसवतो. हा खर्च रेतीमुळे झाला असं कुठेच लिहिलं जात नाही. त्याची नोंद 'यंदा पाऊस कमी होता' अशी होते.

नळयोजनेचंही तेच होतं. कितीतरी गावांची उद्भव विहीर किंवा जॅकवेल, म्हणजे योजनेचं पाणी जिथून उपसतात ती विहीर, नदीपात्रातच आहे. तिथली रेती ही फुकटची गाळणी आहे. पाणी तिच्यातून हळूहळू झिरपत येतं, गाळ वर राहतो आणि जंतूंचा बराच भारही कमी होतो. ती रेती उपसली की पावसाळ्यात जॅकवेलमध्ये सरळ गढूळ पाणी शिरतं. तुरटी जास्त लागते, गाळ जास्त काढावा लागतो आणि गढूळ पाण्यात क्लोरीन नीट काम करत नाही. जुलै-ऑगस्टमध्ये गावात जुलाबाचे रुग्ण वाढले तर आधी जॅकवेलच्या भोवती किती रेती उरली आहे ते बघावं.

आता काठ. पात्रात खोल खड्डा केला की वरून येणारं पाणी त्याच्या वरच्या कडेवरून धबधब्यासारखं खाली पडतं आणि ती कड खात खात प्रवाहाच्या उलट दिशेने मागे सरकते. म्हणून पुलाला जास्त धोका असतो तो पुलाच्या खालच्या बाजूला केलेल्या खड्ड्याचा. तो खड्डा वर चढत चढत पायापर्यंत येतो. केंद्राच्या 2020 च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये पुलाच्या वरच्या बाजूला किमान 250 मीटर आणि खालच्या बाजूला किमान 500 मीटर अंतर सोडायला सांगितलं आहे, त्यामागचं कारण हेच. मोठ्या पुलासाठी हे अंतर आणखी वाढतं. नदीला मिळणाऱ्या नाल्यांचंही असंच होतं. नदीचा तळ खाली गेला की नाल्याचं तोंड उंचावर राहतं, मग नालाही स्वतःला खोल करत मागे जातो आणि नदीपासून किलोमीटरभर लांब असलेल्या वावराचा धुरा (बांध) कोसळतो. तो कास्तकार रेतीघाटाकडे, म्हणजे उपशासाठी दिलेल्या पात्राच्या तुकड्याकडे बोट दाखवतच नाही, कारण त्याला घाट दिसतही नाही.

नदीकाठची जमीन बहुधा भर पुरात पडत नाही, पूर उतरताना पडते. पुरात काठाची माती पाण्याने जड होते, पण बाहेरून नदीचं पाणी तिला आधार देत असतं. पाणी झपाट्याने उतरलं की आधार जातो आणि वजन राहतं. तळ जितका खोल, तितका काठ उंच आणि तितका मोठा तुकडा खाली येतो. जमीन नदीत गेली तरी सातबाऱ्यावर क्षेत्र तेवढंच राहतं. भूमी अभिलेख कार्यालयातून मोजणी करून घेतली नाही तर कर्जाच्या वेळी आणि वाटणीच्या वेळी भांडण ठरलेलं.

'रेती काय, पुन्हा येते' हे वाक्य गावात हमखास ऐकू येतं. ते अर्धंच खरं आहे. रेती येते ती वरच्या भागातून पुराबरोबर, आणि वर धरण असेल तर ती धरणातच बसते. वैनगंगेवर गोसेखुर्द, वर्धेवर सिंभोऱ्याचं ऊर्ध्व वर्धा, पैनगंगेवर इसापूर, पेंचवर तोतलाडोह. या धरणांच्या खाली सुटणारं पाणी जवळपास रेतीविना येतं, आणि असं रिकामं पाणी खालच्या पात्रातलीच रेती उचलून पुढे नेतं. अशा ठिकाणी घाट द्यायचा की नाही हे ठरवताना 'मागच्या वर्षी किती काढली' हा आकडा कामाचा नाही. 'मागच्या पावसाळ्यात किती आली' हा आकडा लागतो, आणि तो पावसाळ्याआधी व पावसाळ्यानंतर पात्र मोजल्याशिवाय मिळत नाही.

हे मोजमाप गावाला करता येतं. आमचा सगळ्यात जास्त आग्रह यासाठीच आहे. सोपी पद्धत म्हणजे पुलाच्या खांबावर ऑइलपेंटने पट्ट्या मारायच्या, दर 25 सेंटिमीटरला एक. पूल नसेल तर काठावरच्या पक्क्या जागी, ओट्यावर किंवा खडकावर, खूण करायची आणि गवंड्याकडची पाण्याची पारदर्शक नळी घेऊन पातळी पात्रात पुढे पुढे न्यायची. नळी भरताना हवेचा बुडबुडा आत राहिला तर सगळी पातळी चुकते. म्हणून आधी दोन्ही टोकं शेजारी धरून पाणी एका रेषेत येतं का ते पाहायचं. मग या काठापासून त्या काठापर्यंत दोरी ताणून दर 10 मीटरवर तळ किती खाली आहे ते लिहायचं. अशा तीन रेषा घ्यायच्या: घाटाच्या वर, घाटात आणि घाटाच्या खाली. दरवर्षी त्याच जागी, एकदा मे अखेर आणि एकदा नोव्हेंबरात. 120 मीटर रुंद पात्रात सरासरी फरक 40 सेंटिमीटर आला, तर नदीच्या दर 100 मीटर लांबीमागे 4,800 घनमीटर, म्हणजे 1,700 ब्रासच्या आसपास रेती गेली. मंजूर परिमाण किती होतं ते याच्या शेजारी लिहून ठेवायचं.

विहिरींसाठी तीन विहिरी निवडायच्या. एक काठालगतची, एक साधारण 500 मीटरवरची, एक नदीपासून पार लांब. टेपला वजन बांधून, काठावरच्या ठरलेल्या खुणेपासून, सकाळी मोटर सुरू व्हायच्या आत मोजायचं. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा आपल्या निरीक्षण विहिरी जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबरमध्ये मोजते. तेच महिने धरले तर आपले आकडे त्यांच्या आकड्यांशी जुळवता येतात. तिन्ही विहिरी सारख्या उतरल्या तर कारण पाऊस किंवा ओलिताचा उपसा. काठालगतचीच जास्त उतरली तर कारण नदीत आहे. लांबची विहीर मोजायचा कंटाळा करू नये, तिच्यावाचून बाकी दोघींच्या आकड्यांना अर्थ नाही.

घाटाच्या अटी वाचताना खोलीच्या अटीशी थांबा. 2016 च्या केंद्रीय मार्गदर्शिकेप्रमाणे खोली जास्तीत जास्त तीन मीटर किंवा पाण्याच्या पातळीपर्यंत, यातलं जे कमी असेल ते. बहुतेकजण 'तीन मीटर' एवढंच लक्षात ठेवतात. आपल्या नद्यांत फेब्रुवारीत रेतीखाली मीटरभरावर पाणी लागत असेल तर तिथली खरी मर्यादा मीटरभरच आहे. पाण्यातून निथळती रेती भरली जात असेल तर अट मोडली गेली, हे समजायला कुठलंही यंत्र लागत नाही. काठाकडे पात्राच्या रुंदीच्या चौथ्या हिश्श्याइतकी आणि किमान साडेसात मीटर पट्टी सोडायची असते. रात्री उपसा करायला परवानगी नसते. सर्वोच्च न्यायालयाच्या 2012 च्या दीपक कुमार निकालापासून गौण खनिजाच्या (रेती, मुरूम, दगड) पाच हेक्टरपेक्षा लहान खाणपट्ट्यालाही पर्यावरण मंजुरी लागते. मंजुरीपत्रातल्या अटी ग्रामपंचायतीच्या फलकावर लावून घ्या. जिल्ह्यात कुठून किती रेती काढता येईल हे सांगणाऱ्या जिल्हा सर्वेक्षण अहवालाचा मसुदा जिल्ह्याच्या संकेतस्थळावर 21 दिवस हरकतींसाठी ठेवायचा असतो. आपल्या घाटाचं नाव त्यात आहे का, आणि दरवर्षी किती रेती भरून येते म्हणून लिहिलं आहे, हे त्याच 21 दिवसांत बघायचं. खांबावरच्या खुणांची वही असेल तर हरकत आकड्यानिशी घेता येते. गडचिरोलीसारख्या अनुसूचित क्षेत्रात 1996 च्या पेसा कायद्याने (आदिवासी भागातल्या ग्रामसभांना अधिकार देणारा कायदा) गौण खनिजाच्या खाणपट्ट्याआधी ग्रामसभेची किंवा योग्य पातळीवरच्या पंचायतीची शिफारस बंधनकारक आहे. कोऱ्या ठराव वहीवर सह्या गोळा होत असतील तर त्या देऊ नयेत.

बेकायदा उपशाच्या तक्रारी बहुतेक वेळा मोजमापात हरतात. जमीन महसूल संहितेच्या कलम 48(7) प्रमाणे बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत दंड करता येतो, पण किती ब्रासवर? पंचनाम्यात 'अंदाजे' लिहिलं की पुढे अपिलात ते टिकत नाही. खड्ड्याची लांबी, रुंदी, आणि खोलीच्या किमान आठ-दहा नोंदी घ्यायला लावा. सोबत अक्षांश-रेखांश आणि मोजपट्टी दिसेल असे फोटो. ढिगाचं माप आणि खड्ड्याचं माप एकत्र करू नका. ओलसर रेती फुगते, पाच-सहा टक्के ओल असली तरी तिचं आकारमान कोरड्या रेतीपेक्षा 20-25 टक्क्यांनी वाढू शकतं. मुरूमही खणला की 20-30 टक्क्यांनी सुटा होतो. गाडीतले 125 ब्रास म्हणजे खड्ड्यातले 100 असू शकतात, आणि पळवाट याच फरकातून निघते. गाडीजवळ वाहतूक पास असेल तर त्यावरची वेळ, गाडी क्रमांक आणि पोचण्याचं ठिकाण वाचा. एकाच पासवर दोन-तीन फेऱ्या मारणं ही सर्रास चालणारी लबाडी आहे.

तक्रार एकट्याच्या नावाने करू नये. रेतीचा धंदा बाहेरून आलेला असला तरी ट्रॅक्टर गावातलेच असतात, कर्जावर घेतलेले. भरणारी पोरं शेजारची असतात आणि खबर देणारेही. हप्ता थकलेला माणूस वाईट नसतो, पण त्याच्या अडचणीवरच सगळी साखळी चालते. म्हणून विरोध ग्रामसभेच्या ठरावाने, गावाच्या नावाने जायला हवा, आणि हाताने भरणाऱ्या मजुरांचं काय, याचं उत्तरही त्याच ठरावात असावं. फावड्या-घमेल्याने ट्रॉली भरायला चार-पाच जण लागतात. पोकलेन तेच काम काही मिनिटांत करतो. 'घाटामुळे गावाला रोजगार' हे वाक्य पोकलेन आल्या दिवशी खोटं ठरतं. उपसा द्यायचाच असेल तर यंत्राविना, ही अट लावून धरावी. त्याने वेगही आपोआप आवरतो.

रस्त्याचा हिशेब थोडक्यात. एक ब्रास रेती साडेचार ते पाच टन. दहा चाकी टिप्परचं गाडीसकट कायदेशीर वजन 28 टनांच्या आसपास, रिकामी गाडीच दहा-अकरा टन, म्हणजे त्यात साडेतीन-चार ब्रासच्या वर रेती बसत नाही. सहा ब्रास भरलेला हायवा कायद्याने चालूच शकत नाही. रस्त्याचं नुकसान आसाच्या वजनाच्या साधारण चौथ्या घाताने वाढतं. वजन दीडपट झालं तर झीज पाचपट, दुप्पट झालं तर सोळापट. गावाकडचा डांबरी रस्ता आणि पांदण एका हंगामात का उखडतात याचं उत्तर एवढ्यात आहे. शाळेची बस बंद होते, बाळंतिणीची गाडी उशिरा पोचते.

मुरमाचं दुखणं वेगळं आहे, कारण तो कास्तकार स्वतःच्या वावरातून देतो. बरड जमीन आहे, सपाट होईल, वर पैसे मिळतील, असा विचार असतो. एका एकरातून दोन मीटर मुरूम काढला तर 2,800 ब्रासहून जास्त निघतो. करार गाड्यांवर न करता खड्ड्याच्या मापावर करावा. वरची फूटभर माती आधी वेगळी काढून बाजूला ठेवली नाही तर ती मुरमासोबतच जाते आणि मग त्या जमिनीत पिढीभर तूरही धड येत नाही. ती माती काम संपल्यावर परत पसरून द्यायची, हे करारात लिहून घ्यावं. खड्ड्याच्या भिंती सरळ ठेवू नयेत. मुरूम कोरडा असताना उभा राहतो, पहिल्या पावसात ओला झाला की कोसळतो. खाण नियमांप्रमाणे मुरूम, माती अशा जमिनीत उतार 45 अंशांपेक्षा जास्त नको, किंवा दीड-दीड मीटरच्या पायऱ्या हव्यात आणि पायरीची रुंदी उंचीपेक्षा कमी नको. सरळ भिंतीच्या डबऱ्यात पोहायला उतरलेल्या पोराला वर यायला पाय ठेवायची जागा मिळत नाही. माजी मालगुजारी तलावाच्या (जुन्या मालगुजारांच्या काळातल्या गावतलावाच्या) येव्यातला, म्हणजे पाणी येण्याच्या वाटेवरचा मुरूम तर देऊच नये. त्या खड्ड्यांत पाणी अडतं आणि तलाव अर्धाच भरतो.

गिट्टी (खडी) खदानीत सुरुंगाची आणि धुळीची भर पडते. 2025 मध्ये नवी कामगार संहिता लागू होईपर्यंत 1952 च्या खाण अधिनियमातून साधा दगड, मुरूम, रेती यांच्या उघड्या खाणींना सूट मिळत होती, पण खोली सहा मीटरच्या आत, माणसं 50 पेक्षा जास्त नाहीत आणि स्फोटकं वापरली नाहीत, या सगळ्या अटी पाळल्या तरच. सुरुंग लागला की ती सूट संपायची, मग खाण सुरक्षा महासंचालनालयाचे नियम लागू व्हायचे. घरांना तडे जात असतील तर कंपन मोजायची मागणी करा. कमी वारंवारतेच्या कंपनांसाठी, म्हणजे 8 हर्ट्झच्या खाली, साध्या घराशी मर्यादा सेकंदाला 5 मिलिमीटर आहे. तड्यांवर तारीख टाकून काचेची पट्टी चिकटवून ठेवा. पट्टी तुटली की तडा वाढला.

धूळ कुठल्या दगडाची आहे ते महत्त्वाचं. अकोला, अमरावती, यवतमाळकडच्या काळ्या पाषाणात मोकळा क्वार्ट्झ (गारगोटी) फार थोडा असतो. भंडारा, गोंदिया, गडचिरोलीकडच्या ग्रॅनाइट-नाइस आणि क्वार्टझाइटमध्ये तो भरपूर असतो, आणि त्याच्या बारीक धुळीने सिलिकोसिस हा फुफ्फुसांचा रोग होतो. तोंडाला बांधलेल्या दुपट्ट्यातून ही धूळ सहज आत जाते. सिलिकोसिस बरा होत नाही आणि क्ष-किरणात टीबीसारखा दिसू शकतो. टीबीची औषधं पूर्ण घेऊनही दम कमी झाला नाही तर रुग्णाने क्रशरवर (दगड फोडून गिट्टी करणाऱ्या यंत्रावर) किती वर्षं काम केलं हे डॉक्टरांना सांगावं, ते आपणहून विचारतीलच असं नाही. क्रशरवर पाण्याचे फवारे जबड्याशी, चाळणीशी आणि पट्टा जिथून गिट्टी खाली टाकतो तिथे, अशा तिन्ही जागी हवेत. वारा अडवणारी भिंत, झाकलेली चाळणी, पक्का आतला रस्ता आणि झाडांचा पट्टा हेही नियमात आहे. फवारे तपासणीच्या दिवशीच सुरू असतात का, ते शेजारच्या कापसाच्या पानांवरून कळतं.

परत नदीकडे. मे अखेरचं मोजमाप 10 जूनच्या आत झालंच पाहिजे, कारण पहिल्या पुराने खड्डे भरतात आणि पुरावा संपतो. नोव्हेंबरात पात्र पुन्हा सपाट दिसेल. तेव्हा फूटपट्टीच्या खुणा केलेली दहा फुटी लोखंडी सळई घेऊन जुन्या खड्ड्यांच्या जागी दाबून बघा. भरून आलेला थर रेतीचाच असेल असं नाही. संथ पाण्यात गाळ बसतो, वर चार बोटं रेती येते. सळई रेतीत खरखरत जाते, गाळात आवाज न करता शिरते. कुठे खरखर थांबली ते किती फुटांवर, हे वहीत लिहा. गाळाच्या त्या थरातून पुढच्या उन्हाळ्यात झिरा लागणार नाही.